एफसीसी (जड तेल कॅटॅलिस्टने फोडणाऱ्या युनिटचं) पेट्रोल: सल्फरचं ॲडिटिव्ह टाकूनही आकडा जागचा हलेना

रायझर_तळ: युनिटमधल्या कॅटॅलिस्टची इन्व्हेंटरी २०० टन, ताजा कॅटॅलिस्ट रोज ३ टन. त्यात १० टक्के झिंक-ॲल्युमिना ॲडिटिव्ह मिसळायला लागून ३५ दिवस झाले. फीड (युनिटमध्ये जाणारं तेल) हायड्रोट्रीट केलेलं, म्हणजे हायड्रोजनने सल्फर काढलेलं, नाही, सल्फर १.२ टक्के. पेट्रोलमधलं सल्फर आधी १,२०० पीपीएम, आजही ११५० ते १२५०. विक्रेता २५ टक्के घट म्हणाला होता. माल बोगस आहे का?

ई_कॅट: माल नंतर तपासा, आधी हिशोब. रोज ०.३ टन आत जातं, पण काढलेल्या आणि धुराबरोबर उडालेल्या कॅटॅलिस्टबरोबर थोडं बाहेरही पडतं. आत्ता आत जेमतेम ८ टन असेल, म्हणजे ४ टक्के. या गतीने १० टक्के गाठायला कित्येक महिने लागतील. बेसलोड करा: रोज एक टनाच्या आसपास, तीन आठवडे, मग देखभालीचा डोस. मूळ कॅटॅलिस्ट पातळ होतो, तेव्हा कन्व्हर्जनवर (फीड किती फुटतं त्यावर) डोळा ठेवा.

कटपॉइंट: पेट्रोलचा एंड पॉइंट (उकळण्याची वरची मर्यादा) मध्ये बदलला का? बेंझोथायोफीन हे जड सल्फर संयुग २२१ अंशांना उकळतं. फ्रॅक्शनेटरची (उत्कलनबिंदूनुसार भाग वेगळे करणाऱ्या मनोऱ्याची) कापणी काही सुरीसारखी नसते. एंड पॉइंट वर सरकला की त्याची शेपटी पेट्रोलमध्ये येते. हे ॲडिटिव्ह मुख्यतः हलक्या थायोफीनांवर चालतं (हायड्रोजन मिळून टेट्राहायड्रोथायोफीन, मग ते फुटून हायड्रोजन सल्फाइड). बेंझोथायोफीन त्याला फारसं दाद देत नाही. आणि नुसते पीपीएम पाहू नका, पेट्रोल सल्फर भागिले फीड सल्फर असा आलेख काढा.

रायझर_तळ: लॉग पाहिला. दुसऱ्या आठवड्यात २०५ वरून २१५ केलाय!

ई_कॅट: झालं तर मग. मिळालेलं तिथेच गेलं. २०५ वर आणून आठवडाभर नमुने घ्या. जड भाग एलसीओत (डिझेलकडे जाणाऱ्या तेलात) जाईल, तिकडचं सल्फर वाढेल, डिझेल हायड्रोट्रीटरवाल्यांना आधी कळवा.

हलका_नॅफ्था: बीएस-६ चे १० पीपीएम ॲडिटिव्हने कधीच गाठता येत नाहीत. खरा फायदा पुढच्या युनिटला: स्प्लिटरच्या (पेट्रोलचे हलका-जड भाग करणाऱ्या मनोऱ्याच्या) तळाच्या जड नॅफ्थ्यात सल्फर कमी आलं, तर सल्फर काढणारा कोबाल्ट-मॉलिब्डेनम रिॲक्टर कमी तापमानावर चालतो, ओलेफिन (ऑक्टेन देणारे घटक) कमी मरतात, ऑक्टेन वाचतो. तिथे जोर लावला तर सुटलेला हायड्रोजन सल्फाइड उरलेल्या ओलेफिनशी जुळून पुन्हा मरकॅप्टन (सल्फर संयुग) होतो, आणि शेवटचे काही पीपीएम निघता निघत नाहीत.