थिनरची वाफ, टिटॅनियम डायऑक्साइडची जाळी आणि कडू बदामासारखा वास

प्रश्न

आमच्या लाकूडकामाच्या कार्यशाळेत लॅकर लावताना जे थिनर वापरले जाते, त्यात मुख्यतः टोल्युइन आणि थोडे ॲसिटोन असते. हवा बाहेर फेकणारा पंखा आहे, पण थंडीत तो सतत चालवला की खोली गार पडते आणि लॅकर नीट सुकत नाही. म्हणून धातूच्या जाळीवर टिटॅनियम डायऑक्साइडचा थर देऊन, समोर ३६५ नॅनोमीटरचे अतिनील एलईडी लावून, खोलीतील हवा त्यातून फिरवून थिनरची वाफ नष्ट करणारी पेटी करावी असा विचार आहे.

एका बंद डब्यात टोल्युइनचे काही थेंब टाकून छोटी चाचणी केली. थिनरचा वास कमी झाल्यासारखा वाटला, परंतु त्याच्या जागी कडू बदामासारखा वास येऊ लागला आणि दोन दिवसांत पांढरी जाळी पिवळट तपकिरी झाली. हे कशामुळे झाले असावे? आणि ४०५ नॅनोमीटरचे एलईडी वापरले तर चालतील का?

प्रतिसाद १

आपल्याला आलेला वास बहुधा बेन्झाल्डिहाइडचा आहे. कडू बदामाचा वास ही त्याची ओळखच आहे. प्रकाश पडल्यावर उत्प्रेरकातील, म्हणजे जाळीवरील टिटॅनियम डायऑक्साइडमधील, इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो आणि मागे धनप्रभारित रिकामी जागा राहते. ही जागा पृष्ठभागावरील पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक (अतिशय क्रियाशील रेणूखंड) तयार करते, तर सुटलेला इलेक्ट्रॉन हवेतील ऑक्सिजन पकडतो. टोल्युइनवर हल्ला होतो तेव्हा बाजूचा मिथिल गट आधी बदलतो आणि त्यातून बेन्झाल्डिहाइड व पुढे बेन्झोइक आम्ल बनते. बेन्झीनचे कडे फोडण्याचे अवघड काम मागे राहते आणि ही अर्धवट जळालेली द्रव्ये पृष्ठभागाला घट्ट चिकटून बसतात. जाळीचा तपकिरी रंग त्यांचाच आहे. ती जागा अडवत असल्यामुळे उत्प्रेरक हळूहळू मंदावतो.

द्रावक नसलेली, किंचित दमट हवा जाळीवरून फिरवत दिवा बराच वेळ चालू ठेवला, तर जाळी पुष्कळ अंशी पूर्ववत होते. थर आणि जाळी सोसणार असतील, तर हवेत सुमारे ४०० अंश सेल्सियसपर्यंत तापवूनही ती साफ करता येते. अगदी कोरड्या हवेत मात्र टोल्युइनसाठी उत्प्रेरक फार लवकर थकतो, आणि आर्द्रता फार वाढली तर पाणीच पृष्ठभाग व्यापून टोल्युइनला जागा देत नाही.

४०५ नॅनोमीटरचे एलईडी घेऊ नयेत. टिटॅनियम डायऑक्साइडच्या ॲनाटेज रूपाला सुमारे ३८७ नॅनोमीटर किंवा त्याहून कमी तरंगलांबीचा प्रकाश लागतो. रूटाइल रूप ४१३ पर्यंतचा प्रकाश शोषते, पण या कामात ते सहसा कमी सक्रिय असते.

प्रतिसाद २

वरील स्पष्टीकरण योग्य आहे. पण पेटी बांधण्याआधी आपण एक हिशेब करावा असे मी आग्रहाने सुचवतो, कारण या तंत्राकडून बहुतेकांची निराशा होते ती इथेच.

टोल्युइनच्या एका रेणूचे पूर्ण ज्वलन होऊन कार्बन डायऑक्साइड आणि पाणी बनण्यासाठी ऑक्सिजनचे ९ रेणू लागतात, म्हणजे ३६ इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण होते. एलईडींतून १० वॅट प्रकाश बाहेर पडतो असे धरू (ही विजेची नव्हे, प्रकाशाची शक्ती आहे), आणि जाळीवर पडणाऱ्या दर १०० प्रकाशकणांपैकी एक कामी येऊन एक इलेक्ट्रॉन हलवतो असेही गृहीत धरू. मग तासाला सुमारे ३ मिलिग्रॅम टोल्युइन नष्ट होईल. एक मिलिलिटर टोल्युइनचे वजन ८६७ मिलिग्रॅम असते, म्हणजे त्यालाच सुमारे ३०० तास लागतील. कार्यक्षमता दहापट धरली तरी ३० तास! लॅकरच्या एका हातातच याच्या कितीतरी पट थिनर उडून जाते.

म्हणून ही पद्धत हवेत दशलक्षांश किंवा त्याहूनही कमी प्रमाणात उरलेल्या वाफेसाठी योग्य आहे, लॅकर लावत असतानाच्या वाफेसाठी नाही. त्या वेळी पंखा चालूच असला पाहिजे. खोली गार पडते ही अडचण खरी आहे, पण तिच्यावर उपाय म्हणजे आत येणारी हवा आधी उबदार करणे. वाफ ज्वालाग्राही असल्याने ठिणगी पडू शकेल किंवा उघडे तापलेले घटक असतील असे हीटर आणि साधी मोटर वाफेच्या वाटेत ठेवू नका.

प्रश्नकर्ता

आमच्याकडे दिवसाला साधारण २०० मिलिलिटर थिनर लागते, त्यामुळे या हिशेबाने माझा बेत पूर्ण बदलला. आता असा विचार आहे की काम चालू असताना पंखा चालवावा, काम संपल्यावर हवा सक्रिय कोळशाच्या थरातून फिरवावी आणि शेवटी उरलेल्या मंद वासापुरती ही जाळी लावावी. यात आणखी काही धोका आहे का?

प्रतिसाद ३

क्रम योग्य आहे. फक्त कोळसा भरत आला की बदलायला हवा, नाहीतर धरलेली वाफ तो परत सोडू लागतो. त्याशिवाय तीन गोष्टी जपा. क्लोरीनयुक्त द्रावक या पेटीकडे येऊ देऊ नका. ट्रायक्लोरोएथिलीनचे रूपांतर वेगाने होते खरे, पण वाटेत फॉस्जीनसारखा विषारी वायू बनू शकतो. सिलिकोन असलेले पॉलिश त्याच खोलीत वापरू नका, कारण त्याच्या वाफेतून जाळीवर सिलिकाचा थर बसतो आणि तो प्रकाशाने जळून जात नाही. आणि एलईडींऐवजी पाऱ्याचा दिवा घेणार असाल तर १८५ नॅनोमीटरचा प्रकाश सोडणारा घेऊ नका. त्याने ओझोन तयार होतो.

चाचणी पुन्हा कराल तेव्हा नाकावर विसंबू नका. बंद डब्यात कार्बन डायऑक्साइड मोजा. टोल्युइनच्या एका भागातून त्याचे सात भाग निघायला हवेत; वाफ नाहीशी झाली पण कार्बन डायऑक्साइड तेवढा वाढला नाही, तर ती जाळीवर चिकटली आहे किंवा दुसऱ्याच रूपात हवेत आहे. हीच चाचणी एकदा दिवा बंद ठेवूनही करा, म्हणजे नुसत्या पृष्ठशोषणाने (पृष्ठभागाला चिकटून राहिल्याने) किती वाफ कमी होते ते कळेल.

प्रश्नकर्ता

दिवा बंद ठेवून मी एकदाही पाहिले नव्हते. या आठवड्यात दोन्ही मोजमापे घेऊन आकडे येथे देतो.