मदत हवी आहे : बायकांचं वजन आणि गावातली संपत्तीची दरी कशी मोजावी?

यवतमाळ जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावांत १८ ते ४९ वयाच्या बायकांचं वजन-उंची घ्यायची आहे. गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या वगळून. सरासरी बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) काढणार नाही, त्यात १८.५ खालच्या म्हणजे कमी वजनाच्या आणि २५ वरच्या म्हणजे जास्त वजनाच्या एकमेकींना झाकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ मध्ये देशात या दोन्ही टोकांना १५ ते ४९ वयाच्या अनुक्रमे १८.७ आणि २४ टक्के बायका होत्या.

मोजमापाचं ठरलंय. सारवलेल्या जमिनीवर काटा हलतो, म्हणून खाली शहाबादी फरशी. रोज सकाळी १० किलोच्या मापाने तपासणी. उंची घेताना अंबाडा सोडायला लावायचाच! ४२ किलोची, १५० सेंमीची बाई बीएमआयने १८.७ भरते, अंबाड्यामुळे १५२ मोजली तर १८.२, म्हणजे थेट कमी वजनात.

अडलंय संपत्तीवर. मोबाईल, मोटारसायकल बहुतेक घरी, त्यातली कित्येक हप्त्यावर. त्यावरून पाच गट पाडले की मजुराचं घर आणि पाच एकरवाल्याचं घर एकाच गटात येतं. रेशनकार्डाचा रंग तर जुनाच असतो.

ज्यांनी असं काम केलंय त्यांनी सांगा:

ओलिताचा एकर कोरडवाहूच्या किती पट धरता? सावकाराचं कर्ज कसं विचारता, आणि घरातल्या कोणाला? घरातल्या वस्तूंवरून काढलेल्या संपत्ती निर्देशांकात ऋण आकडे येतात, त्यावर गिनी (विषमता मोजणारा गुणांक) बसत नाही. मग गावातली दरी कशाने दाखवता?

आणि कापूस वेचणीच्या हंगामात वजन घ्यावं की नंतर? वेचणीत बायका दिवसभर वावरात असतात, तेव्हा घरी सापडतात त्याच ज्यांना मजुरीला जावं लागत नाही.