मदत हवी आहे: हनुवटी मागे घेण्याचा व्यायाम नक्की कसा करायचा?

सुईदोरा: नमस्कार मंडळी. मी पंचवटीत राहते, घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. लग्नसराईत रात्री अकरापर्यंत मान खालीच. दोन महिने झाले, मानेपासून खांद्यापर्यंत ओढ लागते. एक्स-रे काढला, मणके ठीक आहेत, स्नायू आखडलेत म्हणे. फिजिओथेरपिस्टबाईंनी एकच व्यायाम दिला: हनुवटी मागे घ्यायची, ५ सेकंद धरायची, सोडायची. असं १० वेळा, दिवसातून तीनदा. त्यांच्यासमोर छान जमला. रिक्षा रविवार कारंज्याला पोचेस्तोवर विसरले!

आता आरशात बघून करते तर गळ्याला वळी पडते, लेक म्हणते, "आई, कासव झालीस." हनुवटी छातीकडे न्यायची की मागे? भिंतीला पाठ लावली तर डोकं टेकत नाही, दोन बोटं अंतर राहतं. टेकवायला गेले की नाक छताकडे. जोर लावून टेकवू का?

कट्टेकरी: उशी बदला आधी. (मला व्यायामातलं काही कळत नाही.)

गोदाकाठ: फिजिओच आहे, म्हणून लिहितो. ताई, गळ्याला वळी पडते म्हणजे बरोबर करताय. छातीकडे नाही, टेबलाचा खण आत सरकवावा तशी सरळ मागे. नजर समोर. कवटीखाली हलका ताण जाणवला पाहिजे. दात आवळू नका, श्वास रोखू नका.

भिंतीशी जोर अजिबात नको. मधल्या जागेत टॉवेलची घडी ठेवा, त्यावर डोकं अलगद दाबा. अंतर कमी होईल तशी घडी पातळ करा. डोकं साधारण ५ किलोचं, ते पुढे झुकलं की मागचे स्नायू दिवसभर ते धरून बसतात. म्हणून फॉल लावताना मांडीवर जाड उशी घ्या, काम डोळ्यांजवळ येऊ द्या. हे नाही केलं तर नुसत्या व्यायामाने भागणार नाही.

हाताला मुंग्या, बधिरपणा, पकड सैल होणं किंवा चक्कर आहे का? असेल तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा.

सुईदोरा: नाही हो दादा, मुंग्या वगैरे काही नाही. सुई नीट धरता येते. टॉवेल लावून करून पाहिलं, दहातले चार जमले, सहा वेळा नाक वर गेलं. आता मांडीवर उशी घेऊन पैठणीला फॉल लावायला बसतेय. संध्याकाळी परत करते नि सांगते.