मदत हवी आहे: चरीची रोजची तपासणी तुम्ही कशी करता?

नमस्कार मंडळी, ड्रेनेज लाईनच्या साईटवर सुपरवायझर आहे, सोलापूरकडे. चर साधारण अडीच मीटर खोल, वरचा दीड मीटर काळी माती आणि खाली मुरूम. परवा रात्री पाऊस झाला, सकाळी बघतो तर काठापासून हातभर अंतरावर लांबच लांब भेग, अगदी बोट जाईल एवढी. मी लेबरला खाली उतरू दिलं नाही तर मुकादम म्हणतो साहेब आम्ही वीस वर्षं अशीच कामं करतोय काही होत नाही. अहो पण एक घनमीटर माती म्हणजे दीड टनाच्या वर वजन, छातीपर्यंत जरी गाडला गेला तरी माणसाला श्वास घेता येत नाही!

सीपीडब्ल्यूडीच्या (केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खातं) नियमात दीड मीटर किंवा त्याहून खोल असेल तर उतार द्या नाहीतर फळ्या-बल्ल्यांचा आधार द्या असं स्पष्ट आहे, आणि काढलेली माती काठापासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मं, जे जास्त असेल तेवढी लांब. आमच्याकडे रस्ता अरुंद, जेसीबीवाला ढीग काठावरच टाकतो, टँकर पण तिथूनच जातो.

तर विचारायचं होतं की काळ्या मातीत पावसानंतर तुम्ही नेमकं काय काय बघता, रोजच्या नोंदीचा फॉर्म कोणाकडे मराठीत आहे का, म्हणजे मुकादमाला वाचून सही करता येईल? आणि लोखंडी शोअरिंग प्लेटा (चरीच्या बाजूंना आधार द्यायच्या) सोलापूर-पुण्याकडे भाड्याने मिळतात का? ठेकेदार खर्चाचा आकडा मागतोय, लवकर सांगा प्लीज, काम थांबवून ठेवलंय.