‘गोव्याहून प्रत्येक जिल्ह्याला विमान’: आधी हिशेब तर करा

मांडवीकाठ

‘पणजी राजधानी, मोपाच्या विमानतळाला साडेतीन किलोमीटरची धावपट्टी, गोव्याची स्वतःची एटीआर विमानांची कंपनी. मग लातूर, अकोला, रत्नागिरीला रोज विमान का नाही? इच्छाशक्ती नाही, दुसरं काय!’ ही पोस्ट दोन दिवस सगळीकडे फिरतेय आणि लोक खाली बदाम टाकतायत. म्हणून जरा लांबण लावतो.

मोपा-सोलापूर हवाई अंतर ३०० किमीच्या आसपास. एटीआर-७२ या सत्तरेक खुर्च्यांच्या प्रोपेलरवाल्या विमानाला दारं लागल्यापासून उघडेपर्यंत तासभर, वर थोडं. इंधन, विमानाचं भाडं, वैमानिक, देखभाल, विमा, ग्राउंड हँडलिंग असं सगळं धरून एका उड्डाणाला सव्वादोन लाख धरा. माझा अंदाज आहे, पटत नसेल तर आपला आकडा घाला. ७० खुर्च्या भरल्या तर माणशी ३,२०० रुपये. ४५ भरल्या तर ५,०००. आणि ‘उडान’ या छोट्या शहरांच्या विमानसेवेला अनुदान देणाऱ्या केंद्राच्या योजनेत निम्म्या खुर्च्यांना तासाभराच्या प्रवासासाठी अडीच हजारांची मर्यादा होती, पुढे महागाईप्रमाणे थोडी वाढली. मधली फट सरकार भरणार, तीही तीनच वर्षं.

गोव्याचं खरं दुखणं वेगळंच. इथला प्रवासी एका वेळी एकाच दिशेनं वाहतो. शुक्रवारी संध्याकाळी विमान भरून येतं आणि तेच परत जाताना ओस. रविवारी बरोबर उलटं. कितीही जाहिरात करा, दोन्ही बाजूंची सरासरी साठ-पासष्ट टक्क्यांवर नेताना दम लागतो.

कॅगचा २०२३ चा अहवाल वाचा. उडानच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग दिले, त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली. मार्च २०२३ मध्ये अनुदानाशिवाय तग धरून होते ५४. या सगळ्यांकडे इच्छाशक्ती नव्हती असं म्हणायचंय का?

होटगी रोड

आकडे छान मांडलेत, पण सोयीचे तेवढेच उचललेत. ८० पेक्षा कमी खुर्च्यांच्या देशांतर्गत विमानाला विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर लँडिंग शुल्क माफ असतं, हे का गाळलं? ४० हजार किलोंखालच्या विमानाच्या इंधनावर राज्याला ५ टक्क्यांच्या वर विक्रीकर लावता येत नाही, हे? उडानच्या विमानतळावर तो १ टक्का किंवा त्याहून कमी, सुरक्षा आणि अग्निशमन राज्याच्या खर्चानं. मोठ्या विमानांचे नियम एटीआरला लावून हिशेब करायचा आणि वर ‘बघा, परवडत नाही’ म्हणायचं!

आणि विमानाचं भाडं ते उभं राहिलं तरी जातंच. दुपारी ते मोपाला तीन तास उभं असेल, तर सोलापूरच्या फेरीचा खरा खर्च म्हणजे इंधन, झीज आणि हँडलिंग. तेवढं ३० प्रवाशांत सुटतं. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोटला गोव्यातून वर्षभर माणसं येतात, ती तुमच्या शुक्रवार-रविवारच्या गणितात बसत नाहीत. आम्ही सोलापूरकर विमानाच्या वाटेतल्या साखर कारखान्याच्या चिमणीपायी वर्षानुवर्षं थांबलो. ती १५ जून २०२३ ला पडली, ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान आलं. आता कुणी येऊन शिकवू नये की सोलापूरला विमान झेपत नाही.

मांडवीकाठ

सोलापूरला झेपत नाही असं मी कुठं म्हणालो? ‘प्रत्येक जिल्ह्याला’ झेपत नाही म्हणालो. दुपारच्या रिकाम्या तीन तासांचा मुद्दा एका मार्गापुरता ठीक. सगळेच मार्ग ‘भाडं तर जातंच आहे’ म्हणून चालवले तर भाडं भरायचं कुणी?

एओजी

दोघांच्याही हिशेबात जमिनीवरचं काहीच नाही, म्हणून थोडं.

लँडिंग गिअर, ब्रेक, टायर यांचा खर्च तासांवर नाही, लँडिंगवर मोजतात. ३०० किमीलाही एक लँडिंग आणि जळगावच्या ६०० किमीलाही एकच. म्हणून मार्ग जितका आखूड तितकं किलोमीटरमागचं नुकसान जास्त.

एटीआर-७२ ची लांबी २७.१७ मीटर, म्हणजे विमानतळावर अग्निशमनाची श्रेणी ५ लागते. ए-३२० सारख्या मोठ्या जेटला ६ लागते. छोट्या गावात ‘मोठं विमान आणा’ म्हणणाऱ्यांनी आधी बंब मोजावेत.

ज्या विमानतळाचा परवाना फक्त व्हीएफआरचा, म्हणजे वैमानिकानं डोळ्यांनी बघून उतरण्याचा आहे तिथं ५,००० मीटर दृश्यमानता लागते. जुलैमध्ये कोकणच्या सड्यावर ढग टेकले की विमान वर घिरट्या घालतं आणि वळतं. वळलेलं विमान म्हणजे जादा इंधन, प्रवाशांना बस, आणि पुढची चारही उड्डाणं उशिरा. अनुदान झालेल्या उड्डाणाचं मिळतं, रद्द झालेल्याचं नाही.

आणि दोन विमानांच्या कंपनीत एक बिघडून उभं राहिलं की निम्मं वेळापत्रक गेलं. प्रोपेलरच्या पात्याला दगड लागला, सुटा भाग परदेशातून यायचाय, तोवर कुठलं सोलापूर आणि कुठलं जळगाव. वैमानिकांचंही तेच. एटीआरवर कमांडर झालेल्या माणसाला जेटवाले ओढून नेतात. नियमानं वर्षाची नोटीस आहे, पण वर्षभरानं तो जातोच.

अकोल्याचं वाचून हसू आलं. तिथल्या शिवणी विमानतळाची धावपट्टी १,४०० मीटर, वाढवायची तर कृषी विद्यापीठाची जमीन आड येते. मे महिन्यात ४३ अंशांच्या विरळ हवेत तिथून भरलेलं एटीआर-७२ उचलून दाखवा. माणसं उतरवावी लागतील. लक्षद्वीपच्या अगत्तीलाही धावपट्टी १,२०० मीटरच्याच घरातली, तिथंही वजनाची बंधनं येतात. पण समुद्रकाठी ऊन तरी एवढं नाही, आणि बेटावर जाणाऱ्यापुढे दुसरा पर्याय म्हणजे कोचीहून बोट. अकोल्याच्या माणसापुढे रेल्वे आहे.

चिपीवालो

सगळ्यांचा हिशेब झाला, आमच्या सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचं नाव कुणी घेतलं? अडीच किलोमीटरची धावपट्टी, ९ ऑक्टोबर २०२१ ला थाटात उद्घाटन, व्यासपीठावर एकमेकांना टोमणे. मुंबईचं विमान उडानची तीन वर्षं उडालं आणि मुदत संपताच बंद. मोपान चिपीचा कंबरडा मोडल्यान, ह्या गोव्यातल्या लोकांका दिसूचा नाय.

सांतिनेज

दिसतं हो. पण मोपा नसतं तरी चिपीच्या विमानाला मुंबईत सोयीची वेळ कुठं मिळत होती? मुंबईच्या धावपट्टीवर सकाळची वेळ सोन्याच्या भावाची, तिथं ७० खुर्च्यांना कोण उभं करणार? दुपारी पोहोचणाऱ्या विमानानं मुंबईचं एका दिवसाचं काम होत नाही, मग माणूस तुतारी किंवा कोकणकन्या एक्सप्रेस धरतो. खुद्द सावंतवाडी-बांद्याचे लोक मोपाला येतात, कारण तिथं दिवसाला अनेक विमानं आहेत.

मला मात्र वेगळंच विचारायचंय. सोलापूरहून तासाभरात मोपाला उतरलेल्या माणसानं पुढं पणजीला यायचं कसं? ३५ किलोमीटर. टॅक्सीचा दर विचारा, विमानाच्या तिकिटाच्या जवळपास जाईल. एटीआरचा प्रवासी दोनशे रुपयांचाही विचार करणारा असतो. त्याला टॅक्सीनं मारलं, अनुदानानं नाही.

पेडणे तालुका

आलं, टॅक्सीवाल्यांवर आलं! मोपासाठी जमिनी गेल्या त्या पेडणेकरांच्या. त्यांच्यासाठी ‘ब्लू कॅब’चं काउंटर झालं तर लगेच पोटात दुखतं. सांतिनेजच्या फ्लॅटमधून बोलणं सोपं आहे, ताई.

सांतिनेज

जमिनी गेल्या त्यांच्याबद्दल मी अक्षर बोललेले नाही. डिजिटल मीटर बसवले ना? चालू कोण करतं? ओला-उबर येऊ दिलं नाही, २०१८ ला गोवामाइल्सचं टॅक्सी ॲप आलं तर त्यावरही बहिष्कार.

पेडणे तालुका

परत जाताना टॅक्सी रिकामी येते, त्याचं डिझेल तुम्ही देता? मांडवीकाठ विमानाची रिकामी फेरी पैशात धरतात तेव्हा सगळे माना डोलावतात. टॅक्सीची रिकामी फेरी धरली की लूट?

होटगी रोड

हा मुद्दा बिनतोड आहे, राग आला तरी.

सांतिनेज

बिनतोड कसला! विमानाला तेव्हाच परतीचं वेळापत्रक पाळावं लागतं, टॅक्सी पुढच्या विमानाची वाट बघू शकते. रांग ठेवली, परतीचं भाडं ॲपवर जोडून दिलं, तर फेरी रिकामी जात नाही. पण रांगेत गोवामाइल्स नको, म्हणून हे होत नाही.

पेडणे तालुका

ॲपवाला वीस-पंचवीस टक्के कापणार तेही सांगा.

एओजी

गोव्याच्या सरकारी कदंबा महामंडळाच्या इलेक्ट्रिक बस मोपाहून पणजी, मडगाव, कळंगुटला जातात, हे दोघांपैकी कुणाला आठवलं नाही. अडचण एकच. बसच्या वेळा मोठ्या विमानांच्या गर्दीकडे बघून ठरणार. एटीआरचे चाळीस लोक मधल्याच वेळेला उतरतात आणि पुढच्या बसची वाट बघत बसतात. खर्च न करता सुधारण्यासारखी गोष्ट हीच आहे. कंपनीनं तिकिटातच बसची खुर्ची विकावी, विमान उशिरा आलं तर बस पंधरा-वीस मिनिटं थांबवावी.

चिपीवालो

म्हणजे चिपी पुन्हा राहिली बाजूला. टॅक्सीवर पानं भरली.

मांडवीकाठ

चिपीचं उत्तर कडू आहे म्हणून टाळतोय सगळे. मोपाहून रस्त्यानं दोन तासांच्या आत असलेल्या विमानतळाला मुंबईचा मार्ग टिकत नाही. पुणे, हैदराबाद, बंगळूरु असे रेल्वेनं लांब पडणारे मार्ग आठवड्यातून तीन-चार वेळा टिकू शकतात, तेही गणपतीला आणि मे महिन्यात गाड्या भरलेल्या असतात तेव्हा. रोजचं मागाल तर तेही जाईल.

होटगी रोड, तुमचं कराचं म्हणणं मान्य. ते धरून सव्वादोनचे दोन लाख करतो. ४५ प्रवाशांत ४,४००. अभिनंदन, माणशी सहाशे रुपये वाचवलेत.

होटगी रोड

सहाशे रुपयांत पणजीपर्यंत बस आणि वर जेवण होतं, साहेब. आणि मंगळवार-बुधवारचं उड्डाण काढून गुरुवार ते सोमवार ठेवा, ४५ चे ५२ होतात. रोजच्या विमानाचा हट्ट त्या पोस्टवाल्याचा आहे, माझा नाही.

पेडणे तालुका

मंगळवार-बुधवारी टॅक्सीवाल्यानं काय करायचं तेही ठरवून टाका आता.