मदत हवी आहे : दिव्यांग तरुणांच्या नोकरीसाठी कारखानदाराशी करार करताना काय लिहून घ्यावे?

नमस्कार,

मी जळगाव जिल्ह्यातील एका लहान संस्थेत काम करते. कर्णबधिर आणि सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या तरुणांना रोजगारासाठी तयार करणे हे आमचे काम आहे. येथील औद्योगिक वसाहतीतील एका चटई उद्योजकाने आमच्याकडील काही मुलामुलींना कामावर घेण्याची तयारी स्वतःहून दाखवली असून, त्यासाठी संस्था आणि कारखाना यांच्यात लेखी करार व्हावा अशी आमची इच्छा आहे.

महत्त्वाचा प्रश्न पगाराचा आहे. मालकांच्या मते त्यांनी दरमहा ठरावीक रक्कम संस्थेला द्यावी आणि ती आम्ही मानधन म्हणून वाटावी. मला हे मुळीच पटत नाही. तसे झाल्यास संस्था ठेकेदार ठरेल आणि मुले कारखान्याची कामगार कधीच होणार नाहीत. त्यांची नावे कारखान्याच्या हजेरीपटावर असावीत, भविष्य निर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विमा योजनेची (ईएसआय) वर्गणी इतरांप्रमाणेच भरली जावी, असा माझा आग्रह आहे. यंत्राजवळ काम करणाऱ्याला उद्या इजा झाली, तर मानधनाच्या पावतीचा काय उपयोग?

मुलांच्या क्षमतेबद्दल मला शंका नाही. चाचणीच्या वेळी एक कर्णबधिर मुलगा मागाच्या चौकटीवर तळहात ठेवून उभा होता आणि धागा अडकल्याचे त्याने थरथरीवरूनच ओळखले. मात्र कारखान्यात पाठीमागून येणाऱ्या, माल वाहणाऱ्या गाडीचा भोंगा त्याला ऐकू येणार नाही, म्हणून तेथे लाल दिवा हवा. बौद्धिक दिव्यांगत्व असलेली मुले घरी अहिराणी बोलतात आणि मुकादम हिंदीत सूचना देतात. त्यामुळे सुरुवातीला आमचा एक कार्यकर्ता सोबत ठेवून त्याला हळूहळू मागे घ्यावे, असे वाटते. त्याचा खर्च कोणी उचलावा?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ फक्त सरकारी कार्यालयांसाठी आहे, असा मालकांचा समज होता. ४ टक्के आरक्षण सरकारी नोकऱ्यांपुरतेच असले, तरी समान संधी धोरण खासगी आस्थापनांनीही करायचे असते आणि २० किंवा अधिक कर्मचारी असल्यास त्यात पदे, निवडीची पद्धत व संपर्क अधिकारी यांचाही तपशील द्यावा लागतो, हे मी त्यांना दाखवले. लहान कारखान्याला वापरता येईल असा या धोरणाचा मराठी मसुदा कोणाकडे आहे का?

पालकांची भीती मात्र वेगळीच आहे, आणि ती मला रास्त वाटते. अनेक घरांत संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे येतात. पगार सुरू झाला की उत्पन्नाच्या मर्यादेमुळे अनुदान बंद होईल, आणि चार महिन्यांनी नोकरी गेली तर तहसील कार्यालयात पुन्हा पहिल्यापासून खेटे घालावे लागतील, असे एका आईने मला स्पष्ट सांगितले. तिला पोकळ धीर देण्याची माझी इच्छा नाही. नोकरीतून काढण्यापूर्वी संस्थेला लेखी सूचना आणि दुसऱ्या विभागात काम देऊन पाहण्याची अट करारात घातली, तर ती प्रत्यक्षात पाळली जाते का? दुसरी पाळी सुटल्यावर गावी जायला एसटी नसते, म्हणून पहिल्याच पाळीची अटही मी मागणार आहे.

धुळे, नंदुरबार किंवा अन्यत्र ज्यांनी असे करार केले आहेत, त्यांनी कोणती अट टिकली आणि कोणती कागदावरच राहिली, हे कृपया सविस्तर लिहावे.