किल्लारीला कुठे होते समुपदेशक?

माळवद: परवा इथे एकाने लिहिलं, "पूरग्रस्तांना समुपदेशन कसलं? ९३ला किल्लारीत कोण गेलं होतं? माणसं उभी राहिलीच ना!" दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६. आमच्या लातूरकडचा भूकंप. गणपती बोळवून लोक नुकते आडवे झाले होते. जवळपास आठ हजार गेले. आमच्या आजीला ढिगाऱ्यातून ओढून काढली. पुढची एकोणीस वर्षं ती छताखाली झोपली नाही. नव्या घराच्या ओट्यावर, पायात चप्पल, उशाशी बॅटरी. पाऊस आला की पोतं पांघरायची. हे उभं राहणं? आम्ही "म्हातारीला खूळ लागलंय" म्हणायचो. मीसुद्धा.

कृष्णाकाठ: आजींचं वाचून वाईट वाटलं. पण २०१९ला आमच्या सांगलीकडचं ऐका. घरात गुडघाभर चिखल, दोन म्हशी गेलेल्या, आणि कोऱ्या टी-शर्टातली दोन पोरं फॉर्म घेऊन दारात. "काका, झोप लागते का?" म्हटलं, गादी वाहून गेली, झोपू कशावर? पंचनामा बाराव्या दिवशी झाला. तो आधी झाला असता तर लागली असती झोप.

निशाचर: ते समुपदेशन नव्हतंच. एका बैठकीत सगळं वदवून घेऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. मी हे काम करते. पहिले काही दिवस पाणी, चादर, हरवलेल्यांचा ठावठिकाणा. कोणी बोललं तर ऐकायचं. आणि किल्लारीत कोणी गेलंच नाही असं नाही, आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास केला होता.

माळवद: अभ्यास केला असेल. आजीला कोणी विचारलं नाही.

कृष्णाकाठ: पाणी, चादर तर शेजारीणही देते. त्याला पदवी कशाला?

निशाचर: शेजारीणच गेली असेल तर?

गावठाण: शेजारावरून आठवलं. खरं दुखणं पुनर्वसनाचं आहे. ५२ गावं उचलून नव्या जागी नेली. जमिनीच्या हिशोबाने घरं: २५०, ४००, ७५० चौरस फूट. हे एवढाले रस्ते! माझ्या काकूला भिंतीपलीकडून हाक मारायला कोणी उरलं नाही.

माळवद: रुंद रस्ते लोकांनाच हवे होते. अरुंद गल्लीत भिंती अंगावर आल्या होत्या.

गावठाण: कुठले लोक? भूमिहीनांना विचारलं? २५० फुटांत राहून बघा म्हणजे कळेल.

माळवद: राहिलोय. सात जण. आजी ओट्यावर, म्हणून आत सहा. विचारून बोलत जा.

सदाशिव: पण मुळात इतकी जड दगड-मातीची घरं बांधायचीच कशाला?

गावठाण: काका, झोपा.

निशाचर: गाडी रुळावर आणू का? टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. २०२२पासून आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

कृष्णाकाठ: पूर आला की आधी टॉवर जातो, ताई.

निशाचर: पूर ओसरल्यावर करा. त्रास तेव्हाच तर सुरू होतो.

कृष्णाकाठ: बरं, तुमचंच खरं. आमच्या धाकट्याने त्या रात्री म्हशींची दावी सोडली नव्हती. इतक्या वर्षांत एकदाच बोलला, तेही पिऊन. आभाळ भरून आलं की अजून गोठ्यात जाऊन उभा राहतो. गोठा रिकामाच आहे. नंबर देतो त्याला. लागला तर सांगेन. पंचनाम्याचं मात्र मागे घेणार नाही.